सन्निधि, भय आणि रोगकाळ

माणगाव परिषदेला शंभर वर्षे पूर्ण झाली तो दिवस, म्हणजे २२ मार्च २०२०, हा देशात 'जनता कर्फ्यू'चा दिवस ठरला. १९२० साली ज्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली, तिच्या स्मरणासाठी एकत्र येण्याऐवजी लोकांना घरात बसावे लागले. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात संचारबंदी लागू झाली आणि २४ मार्चच्या रात्री ८ वाजता पंतप्रधानांनी देशभर २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली. ती त्याच मध्यरात्रीपासून अमलात यावयाची होती. त्या रात्री भारतातील बहुतेक गावांत आणि शहरांत एकच दृश्य दिसले. भाषण संपण्यापूर्वीच लोक पिशव्या घेऊन किराणा दुकानांकडे धावले. ज्या रोगापासून दूर राहण्यासाठी गर्दी टाळावयाची, त्या रोगाच्या भयानेच गर्दी जमली. माणगाव ज्या हातकणंगले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील हुपरीची पेठही याला अपवाद नव्हती.

या प्रकाराला कोणी साठेबाजी म्हणतात. आमच्या मते हा शब्द येथे नेमका नाही. साठेबाज भाव वाढण्याची वाट पाहतो आणि माल पुन्हा विकतो. त्या रात्री तूरडाळीची दहा किलोची पिशवी घरी नेणारा गृहस्थ ती विकणार नव्हता. उद्या मिळणार नाही या धास्तीने तो आज घेत होता. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही या कृतीला 'धास्तीची खरेदी' असे म्हणणार आहोत. तिचे मूळ कशात आहे, आणि पाली वाङ्मयात तिच्याविषयी काही सापडते काय, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हुपरीची रचना लक्षात घेतली पाहिजे. हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. येथील पैंजण देशाच्या अनेक राज्यांत जातात. परंतु एक पैंजण एका माणसाच्या हातून पूर्ण होत नाही. कोणी चांदी आटवतो, कोणी तार ओढतो, कोणी कड्या जोडतो, कोणी घुंगरू बसवतो, कोणी उजळा देतो. यातील पुष्कळसे काम घरोघरी चालते, आणि त्यात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. मजुरी हातात येते ती केलेल्या कामाप्रमाणे. व्यापाऱ्याकडून चांदी आली नाही अथवा तयार माल बाहेर गेला नाही, तर काम थांबते आणि कामाबरोबर मजुरीही थांबते. टाळेबंदीत नेमके हेच झाले. वाहतूक बंद, सराफ पेठा बंद, लग्नसराई बंद.

आता २४ मार्चच्या रात्री हुपरीत दोन महिन्यांचा किराणा कोण भरू शकत होते? ज्याच्या घरात रोख रक्कम शिल्लक होती तोच. घुंगरू बसविणारी स्त्री त्या दुकानात आली असती, तरी तिने अर्धा किलो डाळच घेतली असती. कारण तिच्याजवळ तेवढेच पैसे होते. आणि आठ दिवसांनी पुन्हा अर्धा किलो घेण्यासाठी ती आली, तेव्हा फळी रिकामी असण्याचा संभव होता. धास्तीच्या खरेदीतील अन्याय येथे आहे. भय दोघांनाही सारखेच वाटते. त्या भयावर पैसे खर्च करण्याचे सामर्थ्य मात्र एकालाच असते.

हिशेबाने हे अधिक स्पष्ट होईल. एका दुकानावर १०० घरे अवलंबून आहेत आणि प्रत्येक घराला आठवड्याला १ किलो डाळ लागते असे समजू. दुकानदाराजवळ २०० किलो डाळ आहे, म्हणजे सर्वांना दोन आठवडे पुरेल इतकी. एका संध्याकाळी त्यांपैकी केवळ २० घरांनी प्रत्येकी १० किलो नेली, तर २०० किलो तेथेच संपतात. उरलेल्या ८० घरांना काहीच मिळत नाही. गावातील डाळ एका किलोनेही कमी झालेली नसते. ती फक्त दुकानाच्या फळीवरून वीस घरांच्या डब्यांत गेलेली असते. टंचाई नसताना टंचाई उत्पन्न होते ती अशी. मग रिकामी फळी पाहून एकविसावे घर शेजारच्या दुकानाकडे धावते, आणि या वेळी त्याचे भय खरे असते. याच महिन्यात ऑस्ट्रेलियासारख्या संपन्न देशात शौचालयातील कागदासाठी दुकानांत भांडणे झाली. कागद त्या देशातच तयार होत होता आणि रोगाशी त्याचा काही संबंध नव्हता. हे ऐकून आपल्याकडे पुष्कळ जण हसले. पण डाळ आणि कागद यांमागील गती एकच होती.

ही गती दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात फार बारकाईने वर्णिलेली आहे. आपले वक्ते या सुत्ताचा उल्लेख वारंवार करतात, परंतु तो बहुधा वर्णव्यवस्थेचे खंडन करण्यापुरता. भगवंतांनी वासेट्ठ आणि भारद्वाज यांना वर्ण हे मनुष्यनिर्मित कसे आहेत हे सांगितले, एवढे सांगून व्याख्यान पुढे जाते. सुत्तातील तांदळाचा भाग मागे राहतो, आणि हा लेख त्याच भागावर उभा आहे.

आरंभी न नांगरता उगवणारे, कोंडा व टरफल नसलेले तांदूळ होते असे तेथे म्हटले आहे. सायंकाळी जेवढे काढावे तेवढे सकाळी पुन्हा उगवलेले असे, आणि सकाळचे सायंकाळी. मग एका आळशी प्राण्याच्या मनात आले की, दोनदा जाण्याचा त्रास कशाला? त्याने दोन्ही वेळचे तांदूळ एकदम आणले. दुसरा त्याला बोलावण्यास आला, तेव्हा आपण आधीच आणले आहेत असे त्याने सांगितले. दुसऱ्याला ही युक्ती आवडली. त्याने दोन दिवसांचे आणले. तिसऱ्याने त्याचे पाहून चार दिवसांचे आणले, चौथ्याने आठ दिवसांचे. या साठविण्याला पालीत 'सन्निधि' असा शब्द आहे. लोक सन्निधि करून खाऊ लागले तेव्हा तांदळाला कोंडा आला, टरफल आले, कापलेले पुन्हा उगवेनासे झाले. पुढे शेतांच्या हद्दी पडल्या. हद्दी पडल्यावर चोरी आली, चोरीमागून असत्य आणि दंड आले, आणि अखेरीस न्याय करण्यासाठी लोकांनी आपल्यातून एकाला निवडले व त्याला तांदळाचा वाटा देऊ केला.

ही कथा इतिहास म्हणून वाचण्याचे कारण नाही. तिच्यातील दोन, चार, आठ ही चढण मात्र पाहण्यासारखी आहे. कोणीही दुसऱ्याचे हिसकावून घेत नाही. प्रत्येक जण समोरच्याकडे पाहतो आणि त्याच्याहून थोडे अधिक करतो. पहिल्याच्या मनात दुष्टपणा नव्हता, केवळ आळस होता. दुसऱ्याच्या मनात तर अनुकरणापलीकडे काही नव्हते. तरीही शेवटी शेत उगवेनासे झाले. २०२० मधील दुकानाच्या फळीचे वर्णन याहून चांगले कोणी केले असेल असे आम्हांस वाटत नाही.

येथे एका प्रश्नाचा विचार करणे अवश्य आहे. त्या दिवसांत आणि नंतरही अनेक प्रवचनांतून, लेखांतून असे सांगितले गेले की, हा सर्व लोभाचा परिणाम आहे. लोभ सोडा म्हणजे टंचाई मिटेल. हे निदान आम्हांस मान्य नाही. लोभ हे अकुशल मूल आहे हे खरेच. परंतु धम्मात भयाला स्वतंत्र स्थान दिलेले आहे. सिगालोवाद सुत्तात मनुष्याला अयोग्य मार्गाने नेणाऱ्या चार 'अगति' सांगितल्या आहेत: छन्द, दोस, मोह आणि भय. म्हणजे आवडीपोटी, द्वेषापोटी, अज्ञानापोटी आणि भीतीपोटी होणारे वाईट कृत्य. भीतीची गणना आवडीत केलेली नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. भ्यालेल्या माणसाला लोभी म्हटले तर त्याला ते पटत नाही, आणि त्याचे न पटणे योग्यच असते. त्याच्या घरात लहान मूल आहे, म्हातारी आई आहे. त्याला धनाची हाव सुटलेली नाही. त्याला उद्याची खात्री नाही. लोभावरील उपदेश त्याच्या कानाला लागून परत येतो.

त्याच सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने आपल्या मिळकतीचे चार भाग करून एक भाग आपत्तीसाठी राखून ठेवावा असेही सांगितले आहे. अर्थात घरात पंधरा दिवसांचे धान्य असणे हा दोष नव्हे. पावसाळ्यापूर्वी बेगमी करणाऱ्या आमच्या आयाबाया काही धम्मबाह्य वागत नव्हत्या. ज्यांनी २०१९ च्या महापुरात महामार्ग बंद पडलेला आणि कोल्हापूरचा पुरवठा तुटलेला अनुभवला, त्यांनी घरात थोडे अधिक धान्य ठेवले तर त्यांना दोष कोण देईल? बेगमी आणि धास्तीची खरेदी यांतील फरक वेळेचा आहे. बाजार भरलेला असताना थोडे थोडे बाजूस ठेवले, तर दुकानदार तितका माल पुन्हा आणतो आणि कोणाचा वाटा कमी होत नाही. संकट दारात आल्यावर एकाच रात्री तेच प्रमाण उचलले, तर ते कोणाच्या तरी ताटातून उचललेले असते.

धान्यापेक्षा औषधांची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण डाळ नसली तर भाकरी आमटीवाचून खाता येते. औषधाला असा पर्याय नसतो. महाराष्ट्राला याचा अनुभव नवा नाही. १९९४ साली ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी आणि नंतर सुरतेत प्लेगची बातमी आली, तेव्हा टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून भराभर नाहीशा झाल्या. सुरतेपासून शेकडो मैल दूर असलेल्या, आजाराचे कोणतेही लक्षण नसलेल्या लोकांनी त्या घरी नेऊन ठेवल्या. त्या औषधाचा एक दुर्गुण असा की, ते फार जुने झाले म्हणजे मूत्रपिंडाला अपाय झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

२०२० मध्ये तोच प्रकार हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाच्या बाबतीत झाला. २३ मार्च रोजी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या कृतिदलाने ते कोरोनाबाधितांची शुश्रूषा करणारे आरोग्यकर्मचारी आणि बाधितांच्या घरातील माणसे यांच्यासाठी प्रतिबंधक म्हणून सुचविले. सूचना मर्यादित होती, धावपळ मात्र अमर्याद झाली. तीनच दिवसांनी, २६ मार्चला, केंद्र सरकारला या औषधाच्या विक्रीवर निर्बंध घालावे लागले. संधिवाताचे आणि ल्यूपसचे रुग्ण हे औषध वर्षानुवर्षे रोज घेतात. त्यांच्या सांध्यांची सूज आणि त्यांच्या मूत्रपिंडांचे रक्षण त्यावर अवलंबून असते. निरोगी माणसाच्या कपाटात गेलेली पट्टी ही अशा एखाद्या रुग्णाच्या महिन्याच्या औषधातून गेलेली होती. पुढे झालेल्या चाचण्यांत कोरोनावर या औषधाचा उपयोग दिसून आला नाही, म्हणजे कपाटातील पट्टीने कोणाचेही रक्षण केले नाही.

मुखपट्ट्यांचेही असेच झाले. १३ मार्च २०२० रोजी मुखपट्ट्या आणि निर्जंतुक द्रव ही जीवनावश्यक वस्तू म्हणून जाहीर करावी लागली, आणि २१ मार्चला तीन पदरी मुखपट्टीची किंमत १० रुपयांपेक्षा अधिक असू नये असे ठरवावे लागले. या ठिकाणी आमच्या वाचकांना एक गोष्ट वेगळी सांगण्याची गरज नाही, तरी ती लिहून ठेवतो. गावोगाव गटारे आणि कचरा साफ करणारे, रुग्णालयातील फरशी पुसणारे, प्रेते वाहणारे हात बहुतेक कोणत्या वस्त्यांतून येतात, हे सर्वांना ठाऊक आहे. सुखवस्तू घरात पन्नास मुखपट्ट्यांचे खोके पडून असताना, त्या हातांच्या धन्याने तोंडाला उपरणे बांधून काम करावे, हा केवळ बाजाराचा दोष नव्हे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत रेमडेसिव्हिरच्या कुप्यांसाठी नातेवाईक रांगांत उभे राहिले, आणि काळ्या बाजारात त्यांना मागेल ती किंमत मोजावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेने त्यापूर्वीच, नोव्हेंबर २०२० मध्ये, रुग्णालयातील रुग्णांसाठी या औषधाची शिफारस न करण्याचे ठरविले होते. काही रुग्णांपुरती ती शिफारस २०२२ मध्ये बदलली. प्राणवायूच्या नळकांड्यांचे तर बोलावयासच नको. रुग्ण घरी नसतानाही नळकांडे असावे, म्हणून ते मिळवून ठेवणारे लोक होते.

आता विनयाकडे वळू. महावग्गातील भेसज्जक्खन्धकाचा आरंभच एका साथीने होतो. भगवान सावत्थीला असताना भिक्खूंना शरद ऋतूतील आजार झाला. घेतलेली पेज उलटू लागली, शरीरे कृश व पिवळी पडली. त्यांना अन्नही व्हावे आणि औषधही व्हावे अशा पाच वस्तूंना भगवंतांनी अनुज्ञा दिली: तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी. प्रथम ती योग्य वेळेपुरती होती. तेवढ्याने भागेना, तेव्हा कोणत्याही वेळी घेण्यास परवानगी दिली. आजाऱ्यापुढे नियम वाकतो, हे येथे दिसते.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. राजगृहात पिलिन्दवच्छ नावाचे थेर होते. लोकांची त्यांच्यावर श्रद्धा बसली आणि हीच पाच औषधे त्यांच्याकडे सतत येऊ लागली. थेर स्वतः काही ठेवीत नसत. मिळेल ते आपल्या सहवासातील भिक्खूंना वाटून टाकीत. त्या भिक्खूंनी मात्र गाडगी भरली, घागरी भरल्या, गाळण्या आणि पिशव्या भरून खिडक्यांना टांगल्या. तूप-तेल पाझरू लागले आणि विहारात उंदरांचा सुळसुळाट झाला. विहार पाहण्यास आलेले लोक म्हणू लागले की, या श्रमणांनी तर बिंबिसार राजासारखी कोठारे घातली आहेत. तेव्हा भगवंतांनी नियम केला की, ही औषधे घेतल्यावर अधिकाधिक सात दिवस ठेवून वापरावीत. त्यापुढे ठेवली, तर ती सोडून देऊन दोष कबूल करावा लागतो.

या नियमाची रचना विचारात घेण्यासारखी आहे. औषध बाळगू नये असे त्यात म्हटलेले नाही. आजाऱ्याजवळ औषध असलेच पाहिजे. मर्यादा घातली ती काळाची, आणि तीही आजाऱ्याची गरज भागेल इतकी. नियमाचा तपशील पाहिला तर आणखी एक गोष्ट आढळते. मुदत उलटलेले आणि सोडून दिलेले तेल परत मिळाले, तरी ते खाण्यासाठी वापरता येत नाही. ते दिव्यात घालावे किंवा काळा रंग करण्यासाठी घ्यावे असे सांगितले आहे. दुसऱ्या भिक्खूला ते अंगाला लावता येते. साठवून ठेवलेल्या औषधाचे औषधपण संपते, पण वस्तू वाया जात नाही. आणि सात दिवस पूर्ण होण्यापूर्वी ते दुसऱ्याला खऱ्या अर्थाने देऊन टाकले, तर दोष मुळीच लागत नाही. चीवर आणि पात्र यांच्या नियमांतही हीच पद्धत आहे. जादा चीवर ठेवण्याची मुदत दहा दिवसांची ठरली ती का, तर आनंदाला मिळालेले वस्त्र सारिपुत्ताला द्यावयाचे होते आणि सारिपुत्त साकेताहून नऊ-दहा दिवसांनी येणार होते. दुसऱ्याला देता यावे, एवढ्यासाठी ठेवण्याची मुदत वाढविली गेली. बाबासाहेबांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात संघातील खासगी मालमत्तेचे नियम रशियातील साम्यवादापेक्षाही कडक असल्याचे दाखवून दिले आहे. त्या विधानाकडे लोक घोषणा म्हणून पाहतात. विनयातील हे तपशील वाचले म्हणजे त्यामागील अभ्यास ध्यानात येतो.

मग भयाचे काय? व्यक्तीने साठवू नये आणि उद्याची खात्रीही नसावी, असा दुहेरी भार विनयाने कोणावर टाकलेला नाही. चीवरक्खन्धकात संघासाठी भाण्डागार ठेवण्याची अनुज्ञा आहे, आणि त्यावर भाण्डागारिक नेमावा असे सांगितले आहे. त्याची पात्रता कोणती? छन्द, दोस, मोह आणि भय या चारही अगतींनी न जाणारा, आणि काय सुरक्षित राखलेले आहे व काय राखलेले नाही हे जाणणारा. पाहा, तीच चार नावे येथे पुन्हा आली. धास्तीच्या खरेदीवरील खरा उपाय येथे आहे असे आम्ही समजतो. माणसाचे भय उपदेशाने कमी होत नाही. कोठार भरलेले आहे, ते सर्वांचे आहे, आणि त्याची किल्ली ज्याच्या हाती आहे तो आपल्या आप्तांना आधी देणार नाही, हे त्याला दिसले म्हणजे ते कमी होते.

कोल्हापूरला याची उदाहरणे अपरिचित नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली. एप्रिल २०२० पासून रेशनवर माणशी ५ किलो धान्य मोफत देण्याची योजना सुरू झाली. सरकारी गोदामांत धान्य होतेच; लोकांना त्याचा भरवसा वाटण्यास ते दुकानात दिसावे लागले. ज्यांच्याजवळ शिधापत्रिका नव्हती किंवा ती दुसऱ्या गावची होती, त्यांच्यापर्यंत हा भरवसा पोचण्यास फार उशीर झाला. ज्या किराणा दुकानदारांनी त्या दिवसांत एका घराला दोन किलोच डाळ देण्याचा आग्रह धरला, त्यांच्यावर गिऱ्हाईक रागावले असेल. पण ते नकळत भाण्डागारिकाचे काम करीत होते.

आपल्या विहारांना याहून अधिक करता येईल. हुपरीसारख्या गावातील विहाराने संकट नसताना एक वही करावी. वस्तीतील कोण मधुमेहाची गोळी रोज घेतो, कोणाला रक्तदाबाचे औषध चालू आहे, कोणाला दम्याचा फवारा लागतो, कोण एकटे राहते, कोणाचे घर आठवड्याच्या मजुरीवर चालते, एवढे तीत असावे. तिच्या आधारे गावातील औषधविक्रेत्याशी आधीच बोलून ठेवता येते की, टंचाई आली तर या माणसांचा महिन्याचा वाटा बाजूस काढावा. ती वही ज्याच्या हाती द्यावयाची त्याची निवड चार अगतींच्या कसोटीवर करावी, आणि रुग्णांची माहिती त्याने बाहेर बोलू नये.

संयुत्तनिकायातील वेळुद्वारेय्य सुत्त येथे सहज आठवते. कोसल देशातील वेळुद्वार गावचे गृहस्थ भगवंतांकडे आले आणि म्हणाले की, आम्ही बायकामुलांत राहणारे, चंदन लावणारे, सोनेनाणे बाळगणारे माणसे आहोत. आम्हांला आमच्याजोगे सांगा. भगवंतांनी त्यांना धन सोडण्यास सांगितले नाही. जे मला अप्रिय ते दुसऱ्यालाही अप्रिय, मग ते मी दुसऱ्याच्या गळ्यात कसे बांधावे, अशा अर्थाचा विचार प्रत्येक कृतीपूर्वी करण्यास सांगितले. या पद्धतीला तेथे 'अत्तूपनायिक' म्हटले आहे, म्हणजे स्वतःस लावून पाहण्याची. दुकानातील शेवटच्या चार पट्ट्यांपुढे उभ्या असलेल्या उपासकाला ती अशी लावून पाहता येते: आपल्यामागे रांगेत जो उभा आहे त्याला हे औषध रोज लागत असेल काय, आणि त्याच्या जागी आपण असतो तर पुढच्याने किती घ्याव्यात असे आपल्याला वाटले असते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराला विचारून कळते. तो बहुधा सांगतो.